2001 ची क्राउन व्हिक डर्बीला उतरवायची आहे, हातात सात आठवडे आहेत

खुरपं:

नमस्कार मंडळी. प्रश्न वेडपट आहे, म्हणून आधीच सांगते, डोकं ठिकाणावर आहे.

आम्ही अमेरिकेत, आयोवात राहतो. इथे उन्हाळ्यात काउंटीची जत्रा भरते आणि एका रात्री डेमोलिशन डर्बी असते. पाणी मारून चिखल केलेल्या रिंगणात दहाबारा जुन्या गाड्या सोडतात, त्या एकमेकींना धडका देतात, शेवटी जी हलत राहील ती जिंकली. नऊ वर्षं मी हे कुंपणाबाहेर बसून, कणीस खात बघितलंय. यंदा शेजारच्या आजोबांनी गुडघा बदलून घेतला आणि त्यांची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया मला 400 डॉलरला देऊन टाकली. "तू चालव, मी खुर्ची टाकून बसतो आणि काय करायचं ते सांगतो," म्हणाले. खुर्ची टाकली आहे. सांगत मात्र काही नाहीत. काहीही विचारलं की "ते आपोआप कळतं."

मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. तेल बदलता येतं, ब्रेक पॅड घालता येतात, वेल्डिंग आयुष्यात केलेलं नाही. आमचा वर्ग "स्टॉक" आहे, म्हणजे गाडी जवळपास मूळ आहे तशीच ठेवायची. नियमपत्रिका चार पानांची, आणि शेवटी जाड अक्षरांत लिहिलंय की जे करा म्हणून लिहिलेलं नाही, ते करायचं नाही.

पेट्रोलची टाकी आत घ्या म्हणतात, ती कशी? रेडिएटर वाचवायचा कसा? आणि मुख्य म्हणजे सुरुवात कुठून करू? रोज संध्याकाळी गाडीभोवती दोन फेऱ्या मारते आणि घरात येते.

नवरा विचारतोय, विमा गाडीचा काढायचा की माझा. मुलगा दारांचे रंग ठरवून बसलाय.

सदा_साशंक:

चालती गाडी विकत घेऊन फोडायची? त्यापेक्षा मला द्या, माझी ऑफिसला जायची सोय होईल.

खुरपं:

ब्रेक लावला की ती उजवीकडे पळते आणि मागच्या सीटखालून रस्ता दिसतो. येऊन घेऊन जा.

घिसाडी:

खुरपंताई, मी इंडियानात चार डर्ब्या खेळलोय. जिंकलो एकही नाही. दोनदा शेवटच्या तिघांत होतो. म्हणजे हरायचे बहुतेक प्रकार मला तोंडपाठ आहेत, तेच सांगतो.

नवीन माणसाच्या हातात वेल्डिंग मशीन आलं की तो गाडीचा रणगाडा करायला निघतो. स्टॉक वर्गात ते चालत नाही, आणि तपासनीस खाली आडवा पडून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघतो. चेसिसला रंग किंवा डांबरी लेप दिसला की त्याला वाटतं खाली जोडकाम लपवलंय, तेव्हा चेसिसला ब्रशसुद्धा लावू नका. शिवाय पत्रा चेपला म्हणून बाद झालेली गाडी मी फार कमी पाहिली आहे. गाड्या बाद होतात त्या तुटलेल्या वायरीनं, रिकाम्या रेडिएटरनं, चाकं वळवणाऱ्या टाय रॉड वाकल्यानं. मागची डिकी घडी होऊन सीटला टेकते आणि गाडी तरी फिरत असते. तुमची गाडी 2001 ची आहे हे बरं झालं. 2003 पासून या गाड्यांचा पुढचा चेसिस बदलला आणि स्टिअरिंग रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टीचं झालं. तुमचं जुन्या पद्धतीचं, चेसिसला बोल्ट केलेल्या स्टिअरिंग गिअरबॉक्सचं आहे, ते धडका जास्त सोसतं.

पहिले दोन आठवडे फक्त काढायचं काम. काच, मागची सीट, कार्पेट, छताचं कापड, प्लॅस्टिक, बाहेरच्या चकचकीत पट्ट्या, दिवे, सगळं. जे जळतं किंवा उडतं ते गाडीत राहता कामा नये. एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. दाराच्या काचा हातोड्यानं फोडू नका. मजा येते, पण त्या काचेचे खडीसाखरेसारखे तुकडे होऊन दाराच्या पोटात पडतात आणि रिंगणात पहिल्या धडकेला वर उसळतात. दाराचं आतलं अस्तर काढा, काच खाली-वर करणाऱ्या यंत्रणेचे बोल्ट सोडा आणि काच अख्खी उचला. पुढची काच दोन थरांची असते, ती कडेनं कापून काढावी लागते. एसीचा गॅस हवेत सोडणं इथे बेकायदा आहे, तो गॅरेजवाल्याकडून आधी काढून घ्या. एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरी सोडून ठेवा, चहा प्या, मग या.

आता टाकी. मूळ टाकी वेल्डिंगची पहिली ठिणगी पडायच्या आत खाली उतरली पाहिजे. रिकामी आहे म्हणून राहू देऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच आधी पेटते. तिच्या जागी बोटीची छोटी टाकी, मागची सीट होती तिथे, मध्यभागी, लोखंडी चौकटीत पट्ट्यांनी आवळलेली, वर रबराचा जाड तुकडा. आत दोन गॅलन पेट्रोल पुष्कळ झालं. तुमचं इंजिन इंजेक्शनचं आहे, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारणारं, त्याला सुमारे 40 पीएसआय दाब लागतो. दुकानात जो स्वस्त पंप पुढे करतील तो जुन्या, कार्बोरेटरच्या इंजिनांचा असतो, 5 ते 7 पीएसआयचा, त्यावर ही गाडी खोकेल फक्त. नळीसुद्धा इंजेक्शनचा दाब सोसणारीच घ्या. पंपाचा स्विच असा लावा की तुमचा हात पोचेल आणि बाहेरून धावत आलेल्या माणसाचाही.

आता ऐका, हे कोणी सांगत नाही. माझ्या पहिल्या डर्बीत, फोर्डच होती, तिसऱ्या धडकेला इंजिन गप्प. बॅटरी ठीक, पेट्रोल ठीक. स्टार्टर मारतोय, काही नाही. ठरलेल्या वेळात धडक दिली नाही म्हणून बाद. घरी आल्यावर कळलं की या गाड्यांच्या डिकीत एक छोटा स्विच असतो, जोराचा धक्का बसला की तो पेट्रोल पंप बंद करतो. रस्त्यावर अपघात झाला तर आग लागू नये म्हणून केलेली सोय. त्यावरचं बटण दाबलं की गाडी पुन्हा चालू. पण रिंगणात डिकी उघडायला उतरणार कोण, आणि डिकी तरी कुठे शिल्लक होती! नवीन पंपाची वायर त्या स्विचला वगळून थेट ओढा. तसंच तुमची किल्ली चिपवाली असेल तर कुलपाभोवतीची, चिप वाचणारी कडी आणि तिच्या वायरी जपा. डॅशबोर्ड उपसण्याच्या भरात ती कापली गेली की गाडी तुम्हाला चोर समजते.

रेडिएटर तुम्ही बाहेरून वाचवू शकत नाही, चालवण्यातून वाचवायचा. मागच्या अंगानं धडक द्यायची, रिव्हर्समध्ये. मान मागे वळवून रिव्हर्स घ्यायचा सराव शेतात आजपासून सुरू करा, निम्मी डर्बी तिथे आहे. कूलंट पूर्ण काढून साधं पाणी भरा, बहुतेक ठिकाणी नियमच असतो, कारण सांडलेलं कूलंट निसरडं असतं आणि विषारीही. कुत्रं असेल तर बादली लगेच झाका, त्याला त्याची गोड चव आवडते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल थंड होण्यासाठी रेडिएटरमधून फिरतं हे लोक विसरतात. पुढून एक बरी धडक बसली की रेडिएटर फुटतो, त्याबरोबर गिअरबॉक्सचं तेलही जातं आणि धडधाकट इंजिन असूनही चाक फिरत नाही. नियम परवानगी देत असतील तर त्या दोन नळ्या रेडिएटरपासून सोडवून एकमेकींना जोडा, किंवा छोटा कूलर आत बसवा. दहा-पंधरा मिनिटांच्या खेळाला नुसती जोडलेली नळीही पुरते.

दारं वेल्ड करायला परवानगी असेल. नसेल तर साखळी किंवा 9 नंबरची जाड तार, दुहेरी पीळ देऊन. बॉनेट आट्यांच्या सळयांनी चेसिसच्या बाजूला आवळतात, पण आधी त्याला मोठं भोक पाडा, आग विझवणाऱ्यांची नळी तिथून आत जाते. किती इंचाचं ते तुमच्या पत्रिकेत असेल. ड्रायव्हरच्या पाठीमागचा आडवा पाइप आणि तुमच्या दाराची पट्टी एवढं वेल्डिंग मात्र स्वतः शिकून करू नका. तो भाग गाडीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. आजोबांच्या ओळखीत वेल्डर असेलच.

बॅटरी पुढून उचलून शेजारच्या सीटच्या जागी जमिनीवर, बोल्टनं पक्की, वर रबर. तिची जाड केबल इंजिनाकडे जाते तिथे पत्र्याच्या भोकाला रबराची कडी घाला.

आणि ब्रेक नीट करा. ब्रेक नसले तर तपासणीतच परत पाठवतात.

रात्रपाळी:

मी वेल्डर नाही, मी रुग्णवाहिकेवर असते, जत्रेत आमची ड्यूटी लागते. डर्बीनंतर बहुतेकजण हसत येतात आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही म्हणून फोन करतात. मानेभोवतीचा फोमचा पट्टा घाला, हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं घ्या. चिखल डोळ्यांत गेला की तुम्ही आंधळ्या. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, नायलॉन आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं.

अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. पुढचं चाक ठोकरलं की स्टिअरिंग स्वतः गर्रकन फिरतं आणि अंगठा घेऊन जातं. अंगठे बाहेर, तळव्यानं धरायचं. डोक्याजवळच्या प्रत्येक पाइपावर फोम गुंडाळा, तुमचं डोकं पोचणार नाही असं वाटतंय तिथेही. बेल्ट ताणला तरी माणूस किती लांब जातो ते मी बघितलंय.

घिसाडी:

अंगठ्याचं शंभर टक्के. माझा डावा अजून पावसात बोलतो.

आणि ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या जागी लगेच वेल्ड करू देऊ नका. क्लोरीनवाला क्लीनर असेल तर त्यातून फॉस्जीन होतो, तो वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. ताईंना रसायनं मी काय सांगणार, पण वेल्डरला सांगा.

खुरपं:

बाप रे. प्रयोगशाळेत ही गोष्ट मी दुसऱ्यांना शिकवते आणि घरी नेमका तोच डबा फडताळात होता. फेकला नाही, लांब ठेवलाय.

टाकी उतरली. आजोबांना डिकीतला स्विच दाखवला. पंधरा वर्षं डर्बी खेळलेला माणूस बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे 2009 ला ते हे होतं." नंतर बराच वेळ बोलले नाहीत.

एक शंका. डिकीचं झाकण आत दाबून घडी करून ठेवतात म्हणे, ते करू का?

घिसाडी:

पत्रिकेत लिहिलंय का? नसेल तर उत्तर तुमच्या चौथ्या पानावर आहे.

खुरपं:

झाली परवा. घिसाडीदादा, तुम्हाला सगळं सांगायलाच हवं.

तपासणीत पास. फक्त दारावर बांधलेली काठी बदलून घ्यायला लावली, मी जाड लाकडाची लावली होती, ती बाद होताना, खेळ सोडल्याची खूण म्हणून, हातानं मोडता यायला हवी ना. माझ्या बाजूचं दार पांढरं, कारण त्यावर धडक मारायला बंदी, लांबून दिसायला हवं. बाकीची दारं मुलाच्या पसंतीची, म्हणजे भयंकर.

माझ्या फेरीत नऊ गाड्या होत्या. पहिली धडक मी दिली, रिव्हर्समध्ये, आणि आवाज इतका झाला की मीच दचकून थांबले, मग दोघांनी मला धुतलं. त्यानंतर भीती गेली. डिकी सीटपर्यंत आली, इंजिन चालू. पाणी शेवटपर्यंत होतं! मागचं डावं टायर गेलं, तरी फिरत होते. चार गाड्या उरल्या तेव्हा पुढून एक बसली, समोर निळी ठिणगी उडाली आणि सगळं बंद. काठी मोडली, पंपाचा स्विच पाडला, हात वर करून बसून राहिले.

केबलच्या भोकाला रबराची कडी घाला म्हणाला होतात. मी बागेतल्या पाइपचा तुकडा चिरून बसवला होता. चिकटवला नाही, बांधला नाही. तो धक्क्यांनी सरकून पायाशी पडला होता आणि केबल पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. दीड डॉलरची वस्तू. आजोबांनी तो तुकडा उचलून खिशात टाकला, परत द्यायला तयार नाहीत.

मान दुखतेय, वळते आहे. अंगठे दहाच्या दहा बोटांसकट शाबूत.

सोमवारी भंगारवाला येईल. त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स काढून घ्यायचंय, दोन्हींना काही झालेलं नाही. कोणाकडे इंजिन उचलायची घोडी आठवडाभर मिळेल का? आणि 2002 पर्यंतची क्राउन व्हिक कुठे पडलेली दिसली तर कळवा, गंजकी चालेल.

सदा_साशंक:

माझी सोय राहिली ती राहिलीच.