वालचंदला इलेक्ट्रिकल का पुण्यात कॉम्प्युटर?

सातारकर: इंजिनिअरिंगच्या कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) दुसऱ्या राउंडला सांगलीचं वालचंद कॉलेज लागलंय, इलेक्ट्रिकल. पुण्यात एका खासगी कॉलेजला इन्स्टिट्यूट लेव्हलमधून (कॉलेज स्वतः भरतं त्या सीट) कॉम्प्युटर मिळतंय. आवड कोडिंगची. पप्पा म्हणतात वालचंद सोडायचं नाही, मामा म्हणतो पुणे ते पुणे. काय करू?

विश्रामबागवाला: आधी फी बघ रे भावा. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती कॅपच्या सीटलाच मिळते, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी निम्मी, पुण्यात ती गेलीच आणि वर रूम, मेस, पेट्रोल वेगळंच. मामा भरणारे का? 😄

कराडची पोरगी: फी बरोबर आहे पण चार वर्षं मशीन्स आणि पॉवर सिस्टीम झेपणार का ते पण बघ ना. इलेक्ट्रिकलची पोरं सॉफ्टवेअरला जातात, पण काही कंपन्या फक्त कॉम्प्युटर-आयटीलाच बसू देतात, सीनियर्सना गाठून विचार.

विश्रामबागवाला: हां, आणि लगेच फ्रीज (हीच सीट पक्की) करू नको. सीट अ‍ॅक्सेप्ट कर, फी भर, बेटरमेंट ठेव, म्हणजे पुढच्या राउंडला वरचं काही लागू शकतं. तिसऱ्या राउंडला वालचंद आयटी, कराड गव्हर्नमेंटचं आयटी वर टाक. फक्त यादीत नको असलेलं काही टाकू नको, नवीन लागलं की जुनी सीट जाते, परत मागता येत नाही.

सातारकर: हे माहीतच नव्हतं, आज रात्रीच यादी करतो.