साप्ताहिक सुट्टी रजिस्टरला लागते पण मिळत नाही, काय करावं?

ग्रामीण_सपोनि:
नमस्कार. चार महिन्यांपूर्वी एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी झालोय. स्टाफ ३४, त्यातून कोर्ट, समन्स, कारकून, ड्रायव्हर, आजारी रजेवाले वजा केले की हातात राहतात १५-१६. सुट्टी सगळ्यांची लागलेली आहे पण मागच्या महिन्याचं मी स्वतः मोजलं, निम्म्या वेळा माणसाला परत बंदोबस्ताला बोलावलंय. एक हवालदार रात्रगस्त करून सकाळी साक्षीला कोर्टात उभा आणि संध्याकाळी तक्रार द्यायला आलेल्या म्हातारीवर खेकसला, मी त्याला झापलं, रात्री ड्युटी रजिस्टर बघितल्यावर मलाच वाईट वाटलं. ८ तास ड्युटी आमच्याकडे जमेल का?

निवृत्त_फौजदार:
साहेब, मुंबईत देवनार ठाण्यात मे २०१६ ला हे सुरू झालं, पडसलगीकर साहेब आयुक्त होते. कल्पना तिथल्याच एका पोलीस शिपायाची, आणि आयुक्तांनी ती ऐकून घेतली, मला तर हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. जानेवारी २०१७ पासून मुंबईभर केलं. पण १६ माणसांत तीन पाळ्या निघत नाहीत, तो हट्ट नको. आधी सुट्टी वाचवा. वरून फोन आला की दोन माणसं पाठव, ड्युट्या लावणारा हजेरी मास्तर बिचारा नाही कसं म्हणणार? ते तुम्हीच म्हणायचं.

लोकप्रशासन_पुणे:
राजस्थान पोलिसांसोबत बॅनर्जी-डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी नेमका हा प्रयोग केलाय. काही ठाण्यांत हक्काची साप्ताहिक सुट्टी, काही ठिकाणी बदल्या थांबवल्या, काही ठिकाणी लोकांशी बोलण्या-वागण्याचं ट्रेनिंग. फरक पडला तो ट्रेनिंगने आणि बदल्या थांबवल्याने. सुट्टीचा ठोस परिणाम दिसला नाही, पण म्हणून सुट्टी निरुपयोगी असं कृपया कुणी समजू नका, ती धड राबवलीच गेली नाही. जे मधल्या अधिकाऱ्यांच्या हातात होतं ते टिकलं नाही, ज्याला त्यांची गरज नव्हती ते टिकलं. सर, त्या मधल्या जागेवर आज तुम्ही आहात.

हवालदाराची_बायको:
दादा एकच सांगते, सुट्टी आदल्या रात्री कळून उपयोग नसतो. आमच्याकडे बाराव्या वर्षी पण मुलीच्या शाळेत हे कधी गेले नाहीत, प्रत्येक वेळी सकाळी फोन. महिन्याचा तक्ता आधी लावा आणि त्याचा फोटो घरी येऊ द्या.

ग्रामीण_सपोनि:
ताई, तक्ता १ तारखेला लावतो, फोटोसकट. आणि सुट्टीवरच्या माणसाला बोलावायचं तर माझी सही लागेल, कारण आणि फोन कुणाचा आला हे लिहून. सरांचं वाचून अजून एक सुचलं, रात्रगस्तवाल्याला दुसऱ्या दिवशी साक्ष असेल तर आदल्या रात्री गस्त लावायचीच नाही, समन्सवाल्याकडे तारखा असतातच, आजवर कुणी त्या हजेरी मास्तरला दिल्याच नव्हत्या. फक्त गणपतीच्या दहा दिवसांचं काय करायचं ते अजून सुटत नाहीये.

निवृत्त_फौजदार:
गणपतीत सुट्टी विसरा. पण विसर्जन झालं की तिसऱ्या दिवसापासून पाळीपाळीने दोन-दोन दिवस सोडा, आणि कोण कधी जाणार ते गणपती बसायच्या आधीच तक्त्यात लिहा.