विंडोज ११ च्या अपडेटनंतर पीडीएफचा प्रिव्ह्यू कोलमडतो: मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या छोट्या प्रकाशन-कार्यालयात मुद्रितशोधनाचे आणि पाने लावण्याचे काम चालते. अक्षरजुळणी करणाऱ्यांकडून प्रकरणे पीडीएफ स्वरूपात येतात आणि एकेका पुस्तकाच्या फोल्डरमध्ये पहिले प्रूफ, दुसरे प्रूफ, लेखकाच्या दुरुस्त्यांनंतरचे प्रूफ अशा जवळजवळ सारख्याच नावांच्या फाइलींची गर्दी होते. प्रत्येक फाइल उघडत बसण्याऐवजी फाइल एक्सप्लोररमध्ये ऑल्ट आणि पी या कळा एकत्र दाबून प्रिव्ह्यू पेन (फाइल न उघडता तिचे पान बाजूला दाखवणारा कप्पा) सुरू ठेवायचे, आणि बाणाच्या कळीने एकेक फाइल खाली उतरत रफार जागेवर बसला आहे का, ‘द्ध’ आणि ‘द्य’ यांची गल्लत झालेली नाही ना, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेलेली नाही ना, हे नजरेखालून घालायचे, ही आमची रोजची पद्धत आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ चे विंडोज ११ चे मासिक सुरक्षा-अपडेट बसल्यापासून ही पद्धत मोडली आहे. दिवाळी अंकाची पाने त्याआधीच छापखान्यात गेलेली होती म्हणून निभावले. अडचण अशी की, सगळ्या फाइली एकाच तऱ्हेने बिघडलेल्या नाहीत, त्यामुळे नेमके कोठे शोधावे हेच कळत नाही. जे दिसते ते शक्य तितके तपशिलाने मांडतो.

ईमेलमधून उतरवून घेतलेल्या पीडीएफवर टिचकी मारली की प्रिव्ह्यू पेनमध्ये पान उमटतच नाही. त्याऐवजी, ही फाइल संगणकाला हानी पोहोचवू शकते, फाइलवर आणि ती जेथून आली त्या स्रोतावर विश्वास असेल तर ती उघडून पाहावी, अशा अर्थाची सूचना दिसते. येथे काहीही बंद पडत नाही, खिडकी गोठत नाही.

याउलट, आमच्याच संगणकावर पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमधून तयार केलेल्या पीडीएफवर टिचकी मारली तर ही सूचना येत नाही, पण पेनमध्ये चक्र फिरत राहते, एक्सप्लोररची खिडकी काही वेळ प्रतिसाद देत नाही, आणि शेवटी प्रिव्ह्यू दाखवणाऱ्या घटकात त्रुटी आल्याने ही फाइल दाखवता येत नाही, असे वाक्य त्या घटकाच्या नावासह येते. टास्कबार मात्र जागेवर असते. मोजक्या पानांच्या फाइली कधीकधी दिसतात. संपूर्ण पुस्तकाची एकत्रित फाइल असेल तर हमखास कोलमडते.

सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी: तीच फाइल अक्षरजुळणीकाराने ईमेलने पाठवली तर सूचना येते, आणि त्यानेच ती पेनड्राइव्हवर आणून दिली तर सूचना न येता प्रिव्ह्यू कोलमडतो. फाइलमधला मजकूर तोच, आकार तोच. चित्रे, साध्या मजकुराच्या फाइली आणि वर्डच्या फाइली मात्र पेनमध्ये व्यवस्थित दिसतात.

आतापर्यंत संगणक पुन्हा सुरू करणे, डिस्क क्लीनअपमधून साठलेली थंबनेल पुसणे, एसएफसी आणि डिझम या आज्ञांनी विंडोजच्या फाइली तपासून घेणे, नवे युजर खाते उघडून त्यात पाहणे, हे सर्व केले आहे. फरक पडलेला नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्जखालच्या ॲप्लिकेशन विभागात प्रत्येक वेळी १००० क्रमांकाची ‘ॲप्लिकेशन एरर’ ही नोंद होते. त्यात बंद पडलेल्या प्रोग्रामचे नाव ‘प्रीव्हहोस्ट’ असे आहे, आणि दोषी मॉड्यूल म्हणून जी फाइल दाखवली जाते ती आम्ही वापरतो त्या पीडीएफ वाचकाच्या (पीडीएफ उघडण्याच्या प्रोग्रामच्या) फोल्डरमधली आहे. या वाचकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण दोष त्याचाच आहे याची अजून खात्री नाही. तेवढ्याच सुमारास तोही आपोआप अद्ययावत झाला होता, एवढे मात्र खरे. शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर विंडोजचे तेच अपडेट आहे, पण पीडीएफ वाचक दुसरा आहे. तेथे सूचना येते, कोलमडणे मात्र नाही.

विंडोजचे अपडेट काढून टाकावे, असा सल्ला एका परिचितांनी दिला आहे. सुरक्षेसाठी आलेले अपडेट प्रिव्ह्यूसाठी काढून टाकणे मला पटत नाही. दुसरा काही मार्ग असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या तपशिलावरून आपल्याकडे एक नव्हे, दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत आहेत, आणि त्या एकाच सुमारास आल्याने एकमेकींत गुंतल्या आहेत.

ईमेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण जोडते. फाइल इंटरनेटवरून आली आहे, एवढेच ती खूण सांगते, आणि ती मूळ मजकुरात न मिसळता एनटीएफएस या फाइलपद्धतीत फाइलीच्या बाजूला, वेगळ्या प्रवाहात साठवली जाते. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून अशी खूण असलेल्या फाइलीचा प्रिव्ह्यू एक्सप्लोरर आपणहून बंद ठेवतो. हा बिघाड नसून जाणूनबुजून केलेला बदल आहे. फाइलीत बाहेरच्या पत्त्याकडे बोट दाखवणारे एचटीएमएलचे टॅग (वेबपानांच्या भाषेतल्या खुणा) दडवलेले असतील, तर ती न उघडता नुसती प्रिव्ह्यूमध्ये पाहिल्यानेही संगणक त्या पत्त्याशी संपर्क साधू शकतो आणि त्या ओघात वापरकर्त्याच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेले सांकेतिक रूप, परक्याच्या हाती जाऊ शकतो. ही वाट बुजवण्यासाठी तो बदल केला गेला.

पेनड्राइव्हचे कोडेही येथेच सुटते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतींत असा बाजूचा प्रवाह साठवण्याची सोयच नसते. फाइल पेनड्राइव्हवर गेली की खूण गळून पडते. मग एक्सप्लोरर तिला घरचीच समजून प्रिव्ह्यू दाखवायला जातो, आणि तेथे आपली दुसरी अडचण सुरू होते. ज्या फाइलींना खूण आहे त्या कोलमडण्यापर्यंत पोहोचतच नाहीत, एवढाच फरक.

विश्वासाच्या माणसाकडून आलेल्या फाइलीवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडावे, जनरल या पानाच्या तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट असते, तिच्यात खूण करून ओके म्हणावे. परिणाम लगेच दिसला नाही, तर एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावे. प्रकरणे झिप करून येत असतील तर झिप सोडवण्याआधीच तिला अनब्लॉक करावे. आधी सोडवली तर एक्सप्लोरर झिपवरची खूण आतल्या प्रत्येक फाइलीला लावतो आणि तेच काम फाइलीगणिक करावे लागते. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा लिहिण्याच्या साधनात ‘अनब्लॉक-फाइल’ ही आज्ञा आहे, तिने एका फोल्डरमधल्या सर्व फाइली एकदम मोकळ्या करता येतात. मात्र ती पुस्तकाच्या फोल्डरवर चालवावी, संपूर्ण डाउनलोड्सवर चालवू नये. तेथे कोणाकोणाचे काय येऊन पडलेले असते याचा भरवसा नसतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कोलमडण्याविषयी थोडे लिहितो.

प्रिव्ह्यू पेनमध्ये पीडीएफ दाखवण्याचे काम एक्सप्लोरर स्वतः करत नाही. त्या प्रकारच्या फाइलींसाठी ज्या प्रोग्रामने प्रिव्ह्यू हँडलर (प्रिव्ह्यू दाखवणारा घटक) नोंदवलेला असतो, त्याचा हँडलर ‘प्रीव्हहोस्ट’ नावाच्या स्वतंत्र प्रक्रियेत चालवला जातो, आणि एक्सप्लोरर त्याला फक्त खिडकीत जागा देतो. ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासूनची आहे. हँडलर कोसळला तरी एक्सप्लोरर टिकावा, हाच तिचा हेतू. म्हणूनच आपली टास्कबार जागेवर राहते, ही आपण दिलेली नोंद फार मोलाची आहे. टास्कबारही एक्सप्लोररच्याच प्रक्रियेत चालते, त्यामुळे ती नाहीशी होऊन पुन्हा उगवत असती तर मी उजव्या टिचकीच्या मेनूत शिरणारे किंवा फाइलींच्या आयकॉनवर छोटी चिन्हे चढवणारे घटक तपासायला सांगितले असते. त्यासाठी ‘शेलएक्सव्ह्यू’ हे मोफत साधन उपयोगी पडते. आपल्या बाबतीत त्या वाटेला जाण्याची गरज नाही. बंद पडलेली प्रक्रिया, दोषी मॉड्यूल, आणि दुसरा वाचक असलेला शेजारचा संगणक, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: पीडीएफ वाचकाच्या नव्या आवृत्तीतला हँडलर.

त्यामुळे विंडोजचे अपडेट काढण्याचा प्रश्नच उरत नाही. ते काढले तर सूचना थांबेल, मग सगळ्याच फाइली कोलमडतील.

प्रथम त्या वाचकाच्या सेटिंगमध्ये एक्सप्लोररमधील प्रिव्ह्यूविषयी काही पर्याय आहे का ते पाहावे. असल्यास तो बंद करावा. नसल्यास विंडोजच्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीतून त्या वाचकाची दुरुस्ती चालवावी, आणि तीही निष्फळ ठरली तर तो पूर्ण काढून नव्याने बसवावा. केवळ डिफॉल्ट प्रोग्राम बदलून भागेलच असे नाही. फाइल कशाने उघडायची आणि प्रिव्ह्यू कोणी दाखवायचा, या दोन नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) वेगळ्या असू शकतात, आणि पुष्कळ जण येथेच फसतात.

तात्पुरती सोय म्हणून मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉइज हे मोफत साधन बसवता येईल. त्यात एक्सप्लोररसाठीच्या जोडण्यांमध्ये पीडीएफचा प्रिव्ह्यू हँडलर आहे. तो सुरू केल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. त्याच साधनात ‘पीक’ नावाची सोयही आहे, जिच्यात निवडलेली फाइल कळ दाबताच वेगळ्या खिडकीत मोठी दिसते. जोडाक्षरे तपासायची असतील तर अरुंद पेनपेक्षा मला तीच बरी वाटते.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार.

वाचकाच्या सेटिंगमध्ये प्रिव्ह्यूचा पर्याय सापडला नाही, आणि दुरुस्ती चालवूनही फरक पडला नाही. शेवटी तो वाचक काढला, पॉवरटॉइजचा हँडलर सुरू केला आणि संगणक पुन्हा सुरू केला. संपूर्ण पुस्तकाची ती एकत्रित फाइल आता पेनमध्ये दिसते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवी नोंद झालेली नाही. ईमेलने आलेल्या झिप आधी अनब्लॉक करून मग सोडवतो आहोत; त्यातल्या फाइलींवर सूचना येत नाही.

एक गोष्ट मात्र उरली आहे. कार्यालयातल्या सामाईक साठवणुकीच्या पेटीवरच्या सर्व फाइलींवर, आम्हीच तयार केलेल्यांवरसुद्धा, तीच सूचना येते, आणि त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची चौकटच दिसत नाही. ही पेटी आम्ही नेटवर्कवरच्या आकडी (आयपी) पत्त्याने उघडतो.

प्रतिसाद १

कारण त्या आकडी पत्त्यातच आहे. नेटवर्कवरचे ठिकाण साध्या नावाने उघडले तर विंडोज सहसा ते कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातले धरते; पत्त्यात टिंबे आली, मग तो आकडी पत्ता असो वा पूर्ण डोमेन नाव असो, की तेच ठिकाण इंटरनेटच्या विभागात मोजले जाते. येथे खूण फाइलीवर नाही, ठिकाणावर आहे, म्हणून अनब्लॉकची चौकट दिसत नाही.

पेटीला दिलेल्या नावाने ती उघडून पाहावी, आणि डेस्कटॉपवरचे शॉर्टकट व मॅप केलेले ड्राइव्हही त्याच नावाने पुन्हा जोडावेत. नावाने सापडत नसेल, तर कंट्रोल पॅनेलमधील इंटरनेट ऑप्शन्समध्ये सिक्युरिटीच्या पानावर ‘लोकल इंट्रानेट’च्या यादीत तो पत्ता घालता येतो. दुसऱ्या मार्गाने त्या पेटीवरच्या प्रत्येक फाइलीला मोकळीक मिळते, तेव्हा बाहेरून आलेला मजकूर उतरवून घेण्याचा फोल्डर त्या पेटीवर असेल तर तो आधी दुसरीकडे हलवावा.

धागाकर्त्याचे उत्तर

नावाने उघडल्यावर सूचना थांबली. ड्राइव्हही सर्व संगणकांवर नावाने जोडून घेतले आहेत. उतरवून घेण्याचा फोल्डर त्या पेटीवरच होता, तो आता प्रत्येकाच्या आपापल्या संगणकावर असेल. पीडीएफ वाचकाच्या निर्मात्यांना इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद जोडून कळवले आहे. त्यांचे उत्तर आले तर येथेच लिहीन.