शनिवारी पार्टी, मंगळवारी रडारड: भावाचं सेरोटोनिन खरंच संपलं का?

कोपरखैरणेकर
लहान भाऊ, २३ वर्षांचा, वागळे इस्टेटला नोकरी. सातआठ महिने झाले महिन्यातले दोनतीन शनिवार पार्टी, आणि नशेची गोळी घेतो हे स्वतःच बोलला. रविवारी नुसता लोळत असतो, गाल आतून चावून चावून सोललेत, आईला वाटतं तोंड आलंय म्हणून ती बी कॉम्प्लेक्स देतेय बिचारी. काल मंगळवारी ठाणे लोकलमध्ये ऐरोली सुटल्यावर माझ्या शेजारी उभ्या उभ्या रडायलाच लागला, काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही रे दादा. हल्ली विसरतोही फार. मेंदूतलं ते मूड सांभाळणारं रसायन, सेरोटोनिन, कायमचं जातं म्हणतात, खरंय का?

औषधवाला_ठाणे
आधी त्याला विचारा नक्की काय घेतो. आपल्याकडे पोरं 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन, २०१५ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, आणि एक्स्टसीची गोळी म्हणजे एमडीएमए. नावं सारखी म्हणून लोक गल्लत करतात, शिवाय गोळीत खरं काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.
एमडीएमए असेल तर असं समजा, पेशी वापरलेलं सेरोटोनिन ज्या पंपाने परत आत ओढतात तो पंपच उलटा फिरतो आणि टाकी एका रात्रीत रिकामी. वर सेरोटोनिन बनवणारं एन्झाइमही काही काळ बंद पडतं, त्यामुळे टाकी लगेच भरतही नाही. (आमच्या घोडबंदरला निदान टँकर तरी येतो.) मंगळवारचं रडणं बहुतेक तेच.

रात्रपाळी
कायमचं का, ह्यावर बरीच भांडणं झालीत. १९९८ मध्ये खूप गोळ्या घेतलेल्यांचे मेंदूचे स्कॅन केले तेव्हा सेरोटोनिनचे हे पंप कमी दिसले. नंतर २००२ मध्ये माकडांवरचा एक पेपर फार गाजला आणि पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागला, कारण बाटलीवरचं लेबल चुकलेलं, माकडांना एमडीएमएऐवजी मेथॅम्फेटामिन टोचलेलं! पण म्हणून सगळं खोटं असं नाही हां. बराच काळ बंद ठेवणाऱ्यांचे स्कॅन पुष्कळ सुधारलेले दिसतात, विसरभोळेपणा मात्र मागे रेंगाळू शकतो. जितक्या जास्त गोळ्या आणि नाचून अंग जितकं तापलेलं तितकं नुकसान जास्त.

सुटलेला_एकदाचा
मीपण ह्यातून गेलोय, दोन वर्षं झाली सोडून. पहिले काही महिने सगळं बेचव, मॅच बघतानासुद्धा काही वाटायचं नाही. मित्राचं नाव जिभेवर यायचं आणि अडकायचं. झोप सुधारली तसं हळूहळू परत आलं, पण लेक्चर देऊ नका त्याला, माझा बाप द्यायचा तेव्हा मी जास्त घ्यायचो.

कोपरखैरणेकर
थँक्स सगळ्यांना. अजून एक, 'उदास वाटतं' एवढंच सांगून त्याने डॉक्टरकडून एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध सुरू करून घेतलंय, गोळीचं बोललाच नाही तिथे.

औषधवाला_ठाणे
अहो हे आधी सांगायचं ना! ह्या औषधावर असताना गोळी नीट चढत नाही म्हणून पोरं दोनदोन घेतात, आणि सेरोटोनिन अति झालं तर ताप, थरथर, स्नायू कडक, बडबड, तसं दिसलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी तर त्यात नकोच. पण एस्सिटालोप्राम मनाने बंदही करू नका, डॉक्टरना खरं सांगा. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्यात ६४ए कलमाचं संरक्षण आहे, पोलिसांच्या भीतीने लपवू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६.

कोपरखैरणेकर
आज ठाण्याहून एकत्रच निघतोय, घरी न जाता आधी डॉक्टरकडे. तो 'बरं' एवढंच म्हणाला.