प्रतिसाद: जुन्या घरांची रंगीत दारे, झुकलेली चौकट आणि सपाट लाल

जुन्या घरांच्या रंगीत दारांचे फोटो काढताना येणाऱ्या दोन अडचणी वर विचारल्या आहेत: फोटोत चौकट वरच्या बाजूला निमुळती होते आणि लाल दाराचा पोत हरवतो.

निमुळतेपणाचं कारण म्हणजे वर कललेला कॅमेरा. तो दाराच्या निम्म्या उंचीवर, भिंतीला समांतर धरा. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० ते ८५ मिमी लेन्स घेऊन मागे सरका. गल्ली अरुंद असेल तर ३५ मिमी चालेल, पण चारही बाजूंना मोकळी जागा सोडा, कारण नंतर रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. मात्र जुन्या घरांची चौकट मुळातच कललेली असू शकते. तिला ओढून काटकोनात बसवू नका, तो कल त्या घराचाच आहे.

लाल सपाट होतो कारण एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसत असताना लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, एकटाच उजव्या, अतिउजेडाच्या कडेला आपटलेला असतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी करा, रॉमध्येच (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) टिपा. गडद निळ्या-हिरव्या दारांनाही उणे भरपाई (एक्स्पोजर कमी करणं) लागते, नाहीतर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्यांना फिकट करतो.

ढगाळ प्रकाश सर्वांत उत्तम. समोरच्या भिंतीवर ऊन असेल तर तिची छटा दारावर उतरते, म्हणून ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) दाराला टेकवूनच व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा योग्य करणारी सेटिंग) घ्या.

चकचकीत रंगावर पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) अगदी समोरून जवळजवळ निरुपयोगी ठरतो, तिरकं उभं राहिलात तरच चमक मरते. समोरूनच हवं असेल तर सावलीची वेळ गाठा.