टॉवर नको, पण ‘अलाव’ चालतं?

रेवा
स्पष्टच लिहिते. मोबाइलच्या रेडिएशनवर आपण जेवढं भांडतो, त्याच्या पावपट तरी फोनमधल्या परवानग्यांवर भांडायला हवं.

३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. तेव्हाच्या हँडसेटमधून चोरण्यासारखं होतं काय? थोडे नंबर. २००३ पर्यंत येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे, म्हणून लोक नंबर बघून फोन कापायचे आणि पीसीओ गाठायचे. आज त्याच खिशात बँक, आधार, मुलांचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट असतात.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाने झटपट कर्जाचं ॲप घेतलं. ॲपने कॉन्टॅक्ट आणि गॅलरी मागितली, त्याने ‘अलाव’ दाबलं. हप्ता चुकला तशी त्याची मामी, जुना साहेब, आमच्या मजल्यावरची घरं, सगळ्यांना त्याचा फोटो आणि खाली ‘चोर’. पोरगा कित्येक दिवस घराबाहेर पडला नाही. त्या ॲपला माझा नंबर मी दिलाच नव्हता! सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल्सना हात लावायला मनाई केली. पण जी ॲप मुळात चोरूनच चालतात, त्यांच्यापर्यंत हा नियम पोचत नाही.

घाटमाथा
साफ असहमत. एकाची भीती मोठी दाखवायला दुसऱ्याची लहान का करायची? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरी ‘२-ब’ गटात टाकल्या, म्हणजे कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही. २०१२ मध्ये आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हँडसेटसाठी ‘सार’ची, म्हणजे शरीरात किती लहरी शोषल्या जातात त्या मापाची, मर्यादा किलोमागे १.६ वॉट झाली. लोक गप्प बसले असते तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

मृण्मयी
@घाटमाथा, त्याच २-ब गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा तोकडा आहे, एवढाच त्या गटाचा अर्थ. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. आणि एक गोष्ट सोसायट्यांच्या सभेत कुणी सांगत नाही: टॉवर लांब गेला, सिग्नल क्षीण झाला, की फोन स्वतःची ताकद वाढवून लहरी सोडतो. गच्चीवरचा टॉवर हटवून आपण तो जोर कानाशी आणतो. रेंज एका कांडीवर असेल तर लांबलचक बोलू नका, किंवा इअरफोन लावा. काळजीच घ्यायची तर ही घ्या.

कडेगावचा बाप
कॅन्सर राहू द्या हो. आमच्याकडं पोरं रात्री बारापर्यंत अंथरुणात फोन घेऊन, सकाळी शाळेत डुलक्या. हा आजार नाही तर काय? आमच्याच तालुक्यात मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. सरकारची वाट बघितली नाही.

आणि रेवाताई, त्या पोराला बोल लावू नका. ‘अलाव’ नाही केलं तर ॲप पुढं सरकतच नाही. महिनाअखेरीला ज्याच्या घरात पैसा नाही, तो अटी वाचत बसंल का?

रेवा
बोल त्याला लावतच नाही, दादा. माझं म्हणणं उलट आहे: कर्ज देणाऱ्याला मामीचा नंबर लागतोच कशाला? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही आला. पण त्या कायद्यात सरकारला हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याची मुभा आहे. भोंगा वाजवून हे सुटणार नाही, त्यासाठी आमदार-खासदारांनाच विचारावं लागेल. सध्या निदान सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपकडे कॉन्टॅक्टची परवानगी आहे ते बघा, नको तिथली काढा. त्यात आमचेही नंबर आहेत.

घाटमाथा
परवानग्या आजच काढतो, तुमचा हा मुद्दा मान्य. मृण्मयीताईंचा सिग्नलचा मुद्दाही पटला. पण शाळेच्या गच्चीवरच्या टॉवरला माझा विरोध राहील. तिथल्या लहरींचं मोजमाप पालकांना दाखवा, मग बोलू.