मोर्चा कुठे संपतो, दंगल कुठे सुरू होते? तुमचे अनुभव लिहा

परवा एका चर्चेत कोणीतरी ठामपणे म्हणालं, "मोर्चा म्हटला की दगड आलाच." मला हे खरं वाटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. पुढे वर्षभर जिल्ह्याजिल्ह्यांत लाखोंची गर्दी जमली आणि शांतपणे घरी गेली. जुलै २०१८ मध्ये त्याच आरक्षणाच्या मागणीसाठी काकासाहेब शिंदे या तरुणाने कायगाव टोक्याच्या पुलावरून गोदावरीत उडी घेतली. आठवडाभरात कळंबोली, कोपरखैरणे, चाकण पेटलं. मागणी तीच, समाज तोच. मग मधे काय तुटलं?

मागणी बरोबर की चूक, हा वाद इथे नको. मोर्चात, बंदोबस्तात, दुकानात, बसमध्ये, तुम्ही जिथे होतात तिथून तो क्षण कसा आला, किंवा येता येता कसा टळला, ते लिहा. कोणाची ओळख पटेल असे तपशील मात्र टाळा.

जास्वंद

मी २०१६ च्या मूक मोर्चात स्वयंसेवक होते. घोषणा नव्हत्या म्हणून सगळं शांत राहिलं असं लोकांना वाटतं. खरं काम आधीच्या बैठकांत झालं होतं. पुढे मुली, त्यांच्यामागे बायका, मग पुरुष आणि राजकीय पुढारी सगळ्यांत शेवटी. हा क्रम कोणासाठीही बदलायचा नाही, आमदार असले तरी मागेच. रुग्णवाहिका आली तर कोणी कुठल्या बाजूला सरकायचं तेही ठरलेलं. निवेदन मुलींनीच द्यायचं, राष्ट्रगीत म्हणायचं आणि पांगायचं. पाण्याच्या बाटल्या उचलत आम्ही मागून चालत होतो.

त्या मोर्चाला शेवट होता, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रगीतानंतर आता काय, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. २०१८ ला आमच्याकडे लोक रस्त्यावर बसले तेव्हा कोणाला भेटायचं, काय मिळालं की उठायचं, काहीच ठरलेलं नव्हतं. दुपारपर्यंत ओळखीचे निम्मे चेहरे घरी गेले आणि त्यांच्या जागी नवी पोरं येऊन बसली. त्यातल्या एकालाही मला नावाने हाक मारता येत नव्हती.

लालपरी

मी एसटीत वाहक होतो. एका बंदच्या दिवशी सकाळी चौकात लोक आडवे बसले होते. त्यांनी गाडी थांबवली, प्रवाशांना पाणी दिलं, तासाभराने वाट करून दिली. पुढच्या फाट्यावर दहा-बारा जण होते, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. "काका, तिकिटाचं मशीन घ्या आणि उतरा," म्हणाले. एका आजींना हात धरून उतरवलंसुद्धा. मग काचा फोडल्या. सकाळच्या चौकात एकानेही तोंड झाकलेलं नव्हतं. माझ्यापुरता फरक तिथेच कळला.

निवृत्त खाकी

जास्वंद ताईंचं नावाने हाक मारण्याचं अगदी खरं आहे. मी नोकरीभर बंदोबस्त केला. पहिली रांग आम्हाला ओळखते आणि आम्ही तिला. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात बसून त्यांच्याबरोबर चहा झालेला असतो. कुठवर यायचं, किती जणांचं शिष्टमंडळ आत जाईल, हे बोलणं झालेलं असतं. पहिली रांग बॅरिकेडला येऊन धडकते, जोरात घोषणा देते, थोडी ढकलाढकली होते. ते सगळं चालतं. लोकांनी राग बोलून दाखवायला नाही तर कशाला यायचं?

धोका मागून येतो. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही. लाउडस्पीकरवरून दिलेला इशारा पन्नास पावलांपलीकडे कळत नाही. मागून रेटा आला की पुढचे बॅरिकेडवर चेंगरतात. आमच्या पोरांना वाटतं हल्ला झाला, त्यांना वाटतं आम्ही मारतोय. त्यात अंधार पडला तर अर्धं काम बिघडलंच.

मला नोकरीत कधीच न पटलेली गोष्ट म्हणजे तापलेल्या जमावासमोरून पुढाऱ्यांना गाडीत घालून नेणं. वरून आदेश यायचा आणि आम्ही तो पाळायचो. पण ज्याच्याशी बोलता येईल असा एकमेव माणूस आपणच उचलला, तर पुढचे चार तास बोलायचं कोणाशी?

आणि जाळलेल्या गाड्यांचं सांगतो. बऱ्याचदा त्या मोर्चापासून दोन-चार किलोमीटर लांब जळतात. जाळणारे मोर्चात आलेलेच नसतात.

संत्रानगरी

निवृत्त खाकी, तुमचा मान राखून एक आठवण करून देते. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर, हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, कडेवर पोरं घेतलेल्या बायकांसह. दिवसभर कोणी मंत्री भेटायला आला नाही. संध्याकाळी गर्दी हलली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यात बायका-मुलंच जास्त. मी तेव्हा शाळेत होते. दुसऱ्या दिवशी वडील रस्त्यावर पडलेल्या चपलांबद्दल बोलत होते, एवढंच आठवतं. आज तिथल्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. ही काही दंगल नव्हती. हिंसा दर वेळी जमावाकडूनच सुरू होते असं धरून हा धागा पुढे जाऊ नये, म्हणून लिहिलं.

टेम्सकाठ

मी २०११ साली उत्तर लंडनमध्ये टॉटनहॅमजवळ राहत होतो. ४ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा तरुण गेला. ६ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, त्याच्या घरचे आणि शेजारी चालत पोलीस ठाण्यावर आले. मागणी एकच, वरिष्ठ अधिकाऱ्याने बाहेर येऊन काय झालं ते सांगावं. त्यांच्याबरोबर लहान मुलं होती. दुकानातून परतताना मी त्यांना पाहिलं, कोणी काही फेकत नव्हतं. तासन् तास गेले, त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं नाही, कुटुंबातली माणसं थकून परतली. अंधार पडला आणि पोलिसांच्या गाड्या पेटल्या, मग बस, मग दुकानं. दोन-तीन दिवसांत ते बर्मिंगहॅम, मँचेस्टरपर्यंत पोचलं. तिथे बूट आणि टीव्ही उचलून नेणाऱ्यांना डगनचं नाव तरी ठाऊक होतं का, मला शंका आहे. संत्रानगरींनी लिहिलेलं "कोणी भेटायला आला नाही" वाचलं आणि हे आठवलं.

काळा कोट

कायद्यात ही रेघ लोकांना वाटते त्यापेक्षा खूप अलीकडे आहे. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव असेल आणि त्यातल्या एकानेही समान उद्देशासाठी बळ वापरलं, तर दंगलीचा गुन्हा जमावातल्या प्रत्येकावर लागू शकतो. जुन्या भारतीय दंडविधानातली १४१, १४६ आणि १४९ ही कलमं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १८९, १९१ आणि १९०. नुसतं बघत उभं राहणं म्हणजे उद्देशात सामील होणं नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण ते सिद्ध होईपर्यंत वर्षं जातात. फिर्यादीत दहा नावं आणि पुढे "व इतर १०० ते १५० अनोळखी इसम" असं असतं. त्या अनोळखींत नंतर कोणाचंही नाव बसू शकतं.

माझ्याकडे आलेला एक मुलगा भरतीची शारीरिक चाचणी, लेखी, सगळं पास होऊन चारित्र्य पडताळणीला अडकला. आंदोलनाचे खटले मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात, पण त्यांना जीवितहानी नको आणि नुकसान ५ लाखांच्या आत हवं, अशा अटी असतात. म्हणजे फाट्यावर कोणी बस जाळली, तर चौकात शांतपणे बसलेल्याचाही खटला लोंबकळत राहू शकतो.

सुरगाणा

माझे आईवडील मार्च २०१८ च्या किसान लाँग मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालले, जवळजवळ १८० किलोमीटर. वनपट्टे नावावर व्हावेत ही मुख्य मागणी. शेवटचा टप्पा मीही चाललो. प्रत्येक गाव आपापल्या रांगेत, डाळ-तांदूळ घरचे, स्वयंपाकाची भांडी टेम्पोत. ११ तारखेला सोमय्या मैदानात टेकलो तेव्हा आईचे तळपाय फाटलेले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी निघालो तर मुलं रस्त्यात अडकतील, म्हणून रात्रीच आझाद मैदान गाठायचं ठरलं. आई उठली, पायाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "पोरांचा पेपर हाये, चला." मुंबईची माणसं मध्यरात्री रस्त्यावर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभी होती. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं.

त्या माणसांच्या मनात राग नव्हता असं कोणी समजू नये. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन नावावर नाही, याचा राग पोटात घेऊनच ती चालत होती.

पंचगंगा

मी ऊस दराच्या आंदोलनात असतो. आमच्यात एक नियम आहे : कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीची हवा सोडायची, टायर फाडायचा नाही. ड्रायव्हरला हात लावायचा नाही, त्याला आमच्याबरोबर जेवायला बसवायचं. मला ही रेघ योग्य वाटते. हवा पुन्हा भरता येते, कापलेला टायर जोडता येत नाही. हे दंगलीत मोडतं असं कोणाला वाटत असेल तर सांगा, मला खरंच ऐकायचंय.

ट्रॅक्टरवाला

पंचगंगा, मी त्या ट्रॉलीवर असतो. रात्री दोन वाजता माळावर हवा सोडली तर भरून द्यायला कोण येतं? ऊस वाळतो, वजन घटतं, खेप बुडते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. तुम्ही टायर फाडत नाही हे मानतो, फाडणारेही बघितलेत. माझाही दोन एकर ऊस आहे, पहिली उचल, म्हणजे कारखान्याकडून उसाचे येणारे पहिले पैसे, वाढून मिळाली तर मलाही हवीच आहे. तेव्हा अडवायचं तर दिवसा अडवा, समोर उभं राहून, नाव-गाव सांगून. मी गाडी कडेला घेतो, हवा सोडायची गरजच पडणार नाही. गेल्या हंगामात एका गावाने असंच केलं आणि आम्ही सगळ्यांनी गाड्या थांबवल्या.